वाटसरूची सोय

एकट्याने, पायी, देशोदेश हिंडून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाची साक्ष सारखीच असते: माणूस सगळीकडे चांगला आहे. माँट्रियलचे झाँ बेलिव्हो २००० साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवशी, तीन चाकांची बाबागाडी ढकलत घरून निघाले आणि ६४ देश, सुमारे ७५,००० किलोमीटर चालून २०११ मध्ये परतले. सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोघे १९६२ मध्ये दिल्लीच्या राजघाटावरून, अणुबाँबच्या विरोधात, खिशात पैसा न ठेवता निघाले आणि मॉस्को, पॅरिस, लंडन करत वॉशिंग्टनला पोचले. अमेरिकेत ‘पीस पिलग्रिम’ या नावाने ओळखली जाणारी बाई १९५३ पासून १९८१ मध्ये मृत्यू येईपर्यंत अंगावरच्या कपड्यांनिशी चालत राहिली. दिले तर जेवायचे, बोलावले तर झोपायचे, असा तिचा नेम होता. या सगळ्यांच्या सांगण्याचे सार हेच की भीती निराधार असते आणि अनोळखी माणूस हात पुढे करतो. ही साक्ष खरी मानायला माझी हरकत नाही. पण ती एका बाजूची आहे. जो सुखरूप परतला त्याचीच साक्ष आपल्यापर्यंत येते आणि तो आपल्या पायांबद्दल व यजमानाच्या मनाबद्दल बोलतो. या दोहोंच्या मध्ये जे असते त्याबद्दल तो क्वचितच बोलतो. माझ्या मते सारा प्रश्न तिथेच आहे. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला दार उघडते ते घरमालकाच्या स्वभावामुळे कमी आणि आधीपासून लावून ठेवलेल्या सोयीमुळे जास्त. सोय म्हणताना धर्मशाळा, अन्नछत्र, पाणपोई तर त्यात येतातच. पण दारात उभा असलेला ‘हा कोण?’ या प्रश्नाचे उत्तर समाजाने अगोदरच देऊन ठेवलेले असणे, हीदेखील सोयच.

बेलिव्होंचेच पाहा. ते अग्निशमन केंद्रांत, मठांत, पोलीस ठाण्यांत झोपले, लोकांच्या घरी राहिले. पण त्यांच्या खिशात कॅनडाचे पारपत्र होते आणि दरवर्षी घरून पत्नी पैसे पाठवत होती. सतीश कुमार आणि मेनन यांची गोष्ट याहून शिकण्यासारखी आहे. निघण्यापूर्वी ते विनोबांना भेटले. विनोबांनी त्यांना दोन गोष्टी पाळायला सांगितल्या: पैसा बाळगायचा नाही आणि शाकाहार सोडायचा नाही. वरवर पाहता ही दोन बंधने. प्रत्यक्षात ती दोन ओळखपत्रे होती. पैसा नसल्यामुळे रोज संध्याकाळी कुणाचे तरी दार ठोठावणे भाग पडे आणि मांस का खात नाही या प्रश्नातून अणुबाँबविरोधाचा विषय आपोआप निघे. दार उघडणाऱ्याला समोरचा माणूस कोण, का आला, याचे उत्तर पहिल्या पाच मिनिटांत मिळत होते. विनोबांना हे कळत होते यात नवल नाही. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला पहिले भूदान मिळाल्यापासून ते स्वतः रोज नव्या गावात अनोळखी म्हणून शिरत होते आणि १९६४ मध्ये पवनारला परतेपर्यंत शिरत राहिले. मुक्काम कुठे, सभा कुठे, हे ठरवणारे कार्यकर्ते पुढे जात. सप्टेंबर १९६२ मध्ये ते पूर्व पाकिस्तानातून चालत गेले. शत्रुराष्ट्र मानल्या जाणाऱ्या त्या मुलखातही त्यांना जमीन देणारे भेटले. ते काही अंधारात चाचपडत गेलेले वाटसरू नव्हते. त्यांच्या आधी त्यांचे नाव गावात पोचलेले असे.

महाराष्ट्राच्या भूमीत या सोयीचा पुरावा फार जुना आहे आणि तो थेट मुंबईच्या उत्तर वेशीशी येऊन भिडतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्यात त्याने केलेल्या दानांची यादी आहे आणि त्या यादीत राजेमहाराजे नेहमी देतात त्या गायी, सोने, गावे यांच्याबरोबर एक वेगळीच नोंद येते. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे सोपारा, या चार ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी चौसोपी निवारे बांधले. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर नावांनी फुकट उतार ठेवला. आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर बसायला सभा आणि प्यायला पाणी देणाऱ्या प्रपा उभारल्या. आपल्या पाणपोईतली ‘पोई’ याच प्रपेची. नद्यांची नावे आणि सोपारा एकत्र ठेवून पाहिले की डोळ्यांपुढे रस्ता उभा राहतो: तापी ओलांडून दमण, डहाणू करत सोपाऱ्याकडे उतरणारी किनाऱ्याची वाट. आजचा अहमदाबाद महामार्ग बराचसा त्याच दिशेने येतो आणि नालासोपारा मागे टाकून दहिसरला मुंबईत शिरतो. मला या शिलालेखात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे: उषवदाताने लोकांना ‘पाहुण्यांशी प्रेमाने वागा’ असा उपदेश केलेला नाही. नदी आडवी येते, ऊन लागते, रात्र पडते, या तीन अडचणी ओळखून प्रत्येकीवर एकेक बांधकाम केले. चांगुलपणावर त्याने काही सोपवले नाही.

सोपाऱ्याच्या दक्षिणेला बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरी आहे. शंभराहून अधिक लेणी, जवळपास प्रत्येक लेण्याबाहेर खडकात खोदलेली पाण्याची पोढी, बसायला दगडी बाक. अंधेरीची कोंडिविटे म्हणजे महाकालीची लेणी आणि बोरिवलीजवळची मागाठाण्याची लेणी त्याच माळेतली. भिक्षू हा मुळात चालणारा माणूस. एरवी फिरायचे आणि पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहायचे हा त्याचा नियम. त्यामुळे विहार ही चालणाऱ्यांची विसाव्याची जागा होती. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत कल्याण, सोपारा, नाशिक इथल्या दात्यांची नावे येतात. व्यापारी, गृहस्थ, बायका, भिक्षुणी. कुणी लेणे खोदून दिले, कुणी पोढी, कुणी ‘अक्षयनिधी’ ठेवला, म्हणजे मुद्दल तसेच राहील आणि व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या भिक्षूला वस्त्र मिळेल. आज कोण भिक्षू येईल, कुठल्या देशाचा असेल, हे दात्याला माहीत नव्हते. माहीत असण्याची गरजही त्याने ठेवली नाही. पुढे शेकडो वर्षांनी, १००९ आणि १०२१ साली, इराणी वंशाचे झरथुष्ट्री लोक इथे आले आणि पहलवी लिपीत आपली नावे लेण्यात कोरून गेले. परक्या धर्माचे, परक्या लिपीचे लोक बौद्ध विहारात शिरले, थांबले, नावे कोरण्याइतका वेळ तिथे राहिले. आजच्या बोरिवलीच्या हद्दीतला, अनोळखी माणसाला आत घेण्याचा इतका निखळ पुरावा मला दुसरा आठवत नाही.

पण इथेच पहिला आणि रास्त आक्षेप येतो: ही सोय सर्वांसाठी होती का? नव्हती, हे आधीच मान्य केले पाहिजे. विष्णुभट गोडसे यांचे उदाहरण घेऊ. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक ब्राह्मण १८५७ मध्ये काका रामभटांबरोबर उत्तरेकडे पायी निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, हा हेतू. वाटेत बंड उसळले, झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला, अनेकदा लुटले गेले आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परतले. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेला त्यांचा ‘माझा प्रवास’ मराठीतले पायी प्रवासाचे पहिले मोठे पुस्तक म्हणायला हरकत नाही. भोवती सारे कोसळत असताना हा माणूस जगला कशावर? ब्राह्मणाच्या घरी ब्राह्मणाला पान वाढले जाते, या एका नियमावर. झाशीत, ग्वाल्हेरीत, बिठूरला दक्षिणी ब्राह्मणांची घरे होती आणि वेदपठण हे त्यांचे पारपत्र होते. त्याच रस्त्याने निघालेल्या महाराला किंवा मांगाला हे दार उघडले नसते. धर्मानंद कोसंबींची कथा आणखी बोलकी. गोव्यातल्या साखवाळचा हा तरुण १८९९ मध्ये बुद्धाच्या ओढीने घर सोडून निघाला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया असा प्रवास, त्यातला बराच पायी, बराच उपाशी. काशीत अन्नछत्रात जेवून तो संस्कृत शिकला. म्हणजे ब्राह्मणांसाठी लावलेल्या सोयीवर उभा राहून तो बौद्ध धर्माच्या दिशेने गेला. १९०२ मध्ये सिंहलद्वीपात त्याने दीक्षा घेतली आणि तिथून पुढे ब्रह्मदेशापर्यंत त्याला विहारांनी सांभाळले. १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आलेले त्यांचे ‘निवेदन’ धाडसाची कथा म्हणून वाचले जाते. मला ते एका सोयीतून दुसऱ्या सोयीत जाण्याचा दस्तऐवज वाटते. मधल्या जागा, जिथे कुठलीच सोय नव्हती, तिथे कोसंबींचे हाल झाले.

माधुकरी आणि वार लावून जेवणे याही अशाच पद्धती. परगावाहून शिकायला आलेल्या गरीब मुलाला सात घरी सात वारांचे जेवण मिळत असे, पण मुलगा कोणत्या जातीचा हे आधी पाहून. सोय जातीने बांधलेली होती, हे सत्य आहे. त्यावरून सोयच नको, माणसाच्या मोकळ्या मनावर विसंबावे, असा निष्कर्ष काढणारे दुसरी बाजू विसरतात. सोयीला नियम असतात आणि नियम बदलता येतात. मन कसे बदलावे हे कुणाला ठाऊक नसते. वारीचेच उदाहरण. इरावती कर्वे आळंदीहून पंढरपूरला चालत गेल्या तेव्हा दिंड्या जातीनिहाय वेगळ्या असल्याचे, एका वाटेने चालणारी माणसे वेगवेगळ्या पंगतीत जेवत असल्याचे त्यांना खटकले, आणि ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी ते लिहून ठेवले. ज्याचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना त्याच वाटेवर सुचली. विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना उघडले ते १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केल्यावर आणि १९५८ मध्ये विनोबा परधर्मीय सहकाऱ्यांना घेऊन त्या मंदिरात गेले. दोन्ही वेळा बदलला तो नियम. शेकडो वर्षे चालत आलेली सोय मोडली नाही, तिचे दार रुंद झाले.

नर्मदा परिक्रमेकडे याच नजरेने पाहावे. मराठी वाचकाला परिक्रमेची ओढ गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून आहे, आणि जगन्नाथ कुंटे यांच्या पुस्तकाने ती घरोघर पोचवली. भारती ठाकूर यांनी २००५-०६ मध्ये पायी परिक्रमा केली, त्यावर लिहिले आणि पुढे त्याच तीरावर, मंडलेश्वर परिसरात, मुलांच्या शिक्षणाचे काम उभे केले. ही पुस्तके वाचून मुंबईच्या उपनगरांतले कितीतरी निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, गृहिणी अडीच हजारांहून अधिक किलोमीटर चालायला निघतात. घरी सांगतात की तिथे कुणी उपाशी राहत नाही. खरे आहे. पण का राहत नाही? ‘नर्मदे हर’ एवढे दोन शब्द उच्चारले की तीरावरच्या सर्वांत गरीब झोपडीलाही समोरचा कोण हे कळते. तो ‘परिक्रमावासी’ असतो. त्याला सदावर्त म्हणजे पीठ, डाळ, मीठ द्यायचे, त्याच्याकडून काही घ्यायचे नाही, रात्री ओसरीवर आसन लावू द्यायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. तोच निवृत्त बँक कर्मचारी परिक्रमेचे पांढरे कपडे उतरवून, दंड-कमंडलू बाजूला ठेवून, त्याच गावात रात्री आठला ‘मी सहज हिंडतोय’ म्हणून उभा राहिला तर गावकरी पहिल्यांदा सरपंचाला बोलावतील. युरोपात स्पेनच्या सान्तियागोच्या वाटेवर हेच दिसते. तिथे यात्रेकरूच्या हाती शिक्के मारायची पुस्तिका असते आणि ती असल्याखेरीज यात्रेकरूंच्या निवाऱ्यात जागा मिळत नाही. २०२३ मध्ये चार लाखांहून अधिक लोकांनी ती वाट पुरी केली. इतक्या परक्यांना इतक्या गावांनी दरवर्षी सामावून घ्यायचे तर नुसत्या मनाच्या मोठेपणावर ते निभत नाही.

आता ज्यांना असे नावच मिळाले नाही त्यांच्याकडे वळले पाहिजे, कारण या सगळ्या आढाव्याची कसोटी तीच आहे. महाराष्ट्रात पायी फिरून अनोळखी माणसांना भेटणे हाच ज्यांचा जन्मभराचा व्यवसाय, असे लोक लाखोंनी आहेत: नाथपंथी डवरी गोसावी, नंदीवाले, कैकाडी, वडार, मसणजोगी. १८७१पासून लागू होत गेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने यांतल्या काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. हजेरी लावायची, परवाना घेतल्याशिवाय गाव सोडायचे नाही; हा कायदा रद्द झाला तो स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ मध्ये. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही दोन्ही पुस्तके आपण दलित-भटक्यांची आत्मकथने म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. पण प्रवासवर्णनांच्या शेजारी ठेवून ती वाचली तर आणखी काही दिसते. गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव जाणाऱ्या कुटुंबालाही रोज नवे गाव आणि रोज नवी माणसे भेटतात. त्यांना भेटलेला अनोळखी माणूस मात्र बेलिव्होंना भेटलेल्या माणसासारखा नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ते आठवड्याच्या बाजाराला आलेले होते. ज्या अफवेने त्यांचा जीव घेतला ती मोबाईलवरून फिरत होती. पण अफवा चिकटली, कारण तिथल्या लोकांजवळ ‘हे कोण?’ याचे दुसरे उत्तर उरलेले नव्हते. भिक्षेकरी म्हणून दारात येण्याची जुनी रीत मोडली होती आणि तिच्या जागी काही आले नव्हते.

यावर कुणी म्हणेल, नाव असूनही माणसे मारली जातात. १६ एप्रिल २०२० रोजी कांदिवलीहून सुरतकडे निघालेल्या दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे जमावाने ठार मारले. भगव्या वस्त्रांनी त्यांना वाचवले नाही, पोलिसांच्या हजेरीनेही नाही. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देऊ नये. पण ती घटना टाळेबंदीतली आहे. गावोगावी रस्ते अडवलेले, रात्रीचे पहारे, मुले पळवणाऱ्यांची अफवा, आणि सरकारनेच ‘बाहेरचा माणूस म्हणजे धोका’ असे सांगितलेले. ओळखीची सगळी चिन्हे एकाच वेळी निकामी झाली होती. सोय किती नाजूक असते हे त्यातून दिसते. सोयीवाचून चालते असे काही त्यातून निघत नाही. तसेच जुना काळ सोन्याचा होता असेही मला म्हणायचे नाही. ठगांचे सारे कसब वाटेत भेटलेल्या प्रवाशाचा विश्वास संपादन करण्यातच होते. गोडसे भटजींना लुटणारेही वाटेतलेच लोक होते.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक धारदार होतो. इटलीची कलावंत पिप्पा बाक्का २००८ मध्ये नववधूचा पोशाख करून, वाटेत भेटेल त्या वाहनात बसत, मिलानहून पश्चिम आशियाकडे निघाली. परक्यावर विश्वास टाकला तर विश्वासच परत मिळतो, हे तिला दाखवायचे होते. तुर्कस्तानात तिच्यावर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. अमेरिकेच्या अँजेला मॅक्सवेल एकट्याने जगभर चालल्या. मंगोलियात त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला, हे त्यांनी स्वतः जाहीर सांगितले, आणि त्यानंतरही त्या चालत राहिल्या. या दोघींच्या धैर्यापुढे नतमस्तक व्हावे. पण ‘माणूस सगळीकडे चांगलाच’ या वाक्याचा भार एकटीच्या अंगावर किती पडतो, हेही यातून कळते. वारीतली किंवा परिक्रमेतली बाई त्या मानाने निर्धास्त असते याचे कारण पंढरपूरच्या किंवा निमाडच्या पुरुषाचे मन वेगळ्या मातीचे आहे असे नाही. तिथे ती ‘माउली’ असते, ‘मैया’ असते. शिवाय तिला पाहणारे आणखी शंभर डोळे असतात.

माझ्या प्रतिपादनावरचा सर्वांत अवघड आक्षेप उपनगरांतूनच येतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकरी-आदिवासींचा लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत शिरला. मुलुंडहून पूर्व द्रुतगती महामार्गाने विक्रोळी, घाटकोपर करत तो सोमय्या मैदानावर पोचला. फाटक्या चपला, सोललेली पावले पाहून लोक घरांतून बाहेर आले; पाणी, बिस्किटे, केळी, चपला देऊ लागले. दहावीची परीक्षा चालू होती म्हणून मुलांची अडचण नको, असे ठरवून मोर्चा रातोरात उठून आझाद मैदानाकडे चालू लागला. इथे धर्मशाळा नव्हती, अन्नछत्र नव्हते, पूर्वीचे कुठलेच नाते नव्हते. मग हे उत्स्फूर्त नव्हे काय? होते, आणि ते पाहून मन भरून येणे स्वाभाविक आहे. तरी दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. एक, ते हजारो होते; लाल टोप्या, लाल झेंडे, मागण्यांची यादी, टीव्हीवर दिवसभर बातमी. ‘हे कोण?’ याचे उत्तर मुलुंडच्या प्रत्येक घरात आदल्या रात्रीच पोचलेले होते. दुसरी गोष्ट २०२० मध्ये दिसली. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि पुढच्या आठवड्यांत त्याच रस्त्याने, उलट दिशेने, मुलुंड चेकनाका ओलांडून, ठाणे, भिवंडी, कसारा घाट करत कामगार आपापल्या गावी चालत निघाले. त्यांनाही अनेकांनी जेवू घातले. पण ज्यांनी घातले ते बहुतेक आधीपासून उभे असलेले हात होते: गुरुद्वाऱ्यांचे लंगर, गणेशोत्सव मंडळे, वस्तीपातळीवरच्या संघटना. जिथे असे हात पोचले नाहीत तिथे काय झाले याची खूण ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाडला राहिली. जालन्याहून भुसावळकडे रुळांच्या कडेने चालत निघालेले आणि थकून रुळांवरच झोपलेले १६ कामगार मालगाडीखाली सापडले.

आणखी एक प्रश्न प्रवासवर्णने विचारत नाहीत: पाहुणचाराचा खर्च कुणाचा? त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५च्या ‘गावगाड्या’त फिरस्त्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि हे सारे कुणब्याच्या कष्टांवर जगतात, अशी कडक तक्रार केली. आत्र्यांचा सूर मला मान्य नाही. भटक्यांनी गावाला दिलेल्या सेवा त्यांच्या हिशेबात पुरेशा आल्या नाहीत. पण हिशेब मांडायला हवा हे त्यांचे म्हणणे मला पटते. दर संध्याकाळी परक्याला भाकरी मिळाली असे लिहिले जाते, तेव्हा ती भाकरी दिवसभर शेतात राबून आलेल्या कुणा बाईने दुसऱ्यांदा चूल पेटवून थापलेली असते. पुस्तकात यजमानाचे नाव असते, तिचे बहुधा नसते. सोय सामाईक करण्याचा सर्वांत मोठा गुण हाच की हा भार एका चुलीवर पडत नाही. अक्षयनिधीचे व्याज, सदावर्ताचा साठा, लंगरातली सामुदायिक कढई यांतून पाहुणचार होतो आणि कुणी एक थकत नाही.

असे सामाईक जाळे मुंबईच्या उपनगरांत आजही जिवंत आहे आणि त्याकडे मराठी लेखकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली इथे जैन साधू-साध्वी अनवाणी चालताना रोज दिसतात. वाहनात बसायचे नाही, पैसा जवळ ठेवायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही. हजारो किलोमीटरचा विहार पायांनी करायचा आणि पावसाळ्याचे चार महिने एका उपाश्रयात राहायचे. कान्हेरीच्या भिक्षूंचा दिनक्रम आणि यांचा दिनक्रम शेजारी ठेवले तर दोन हजार वर्षांचे अंतर गळून पडते. गोचरीला निघालेली साध्वी घराघरातून थोडे थोडे घेते, म्हणजे कुणाच्याच ताटात कमी पडत नाही. हा नियम पाहुणचाराच्या खर्चावरचे सर्वांत सूज्ञ उत्तर आहे असे मला वाटते. महामार्गांच्या कडेला समाजाने विहारधाम बांधले आहेत, पहाटेच्या अंधारात भरधाव ट्रकांपासून त्यांना जपायला तरुणांची पथके सोबत चालतात. तरीही अपघात होतात, कारण महामार्ग बांधताना चालणारा माणूस कुणी हिशेबात धरला नाही. मुंबई महानगरातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात, असे एमएमआरडीएच्या २००८च्या वाहतूक अभ्यासात आढळले होते. तरी द्रुतगती महामार्गांवर सलग पदपथ नाही. जैनांची ही सोय अर्थात त्यांच्या साधूंसाठी आहे. तिच्याकडून सर्वांच्या सोयीची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पण एक समाज जे आपल्या वाटसरूंसाठी करू शकतो ते एक महानगर कुणासाठीच का करू शकत नाही, हा प्रश्न उरतो.

महानगरात उलट कायदा आहे. १९५९चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा भीक मागणाऱ्यापुरता थांबत नाही. उदरनिर्वाहाचे दिसण्याजोगे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा आणि भिकेवर जगत असेल असे वाटावे अशा अवस्थेतला माणूसही त्याच्या व्याख्येत येतो. खाजगी घराच्या आवारात भिक्षेसाठी शिरणेही येते. अक्षरशः वाचला तर विनोबांच्या सल्ल्याने निघालेले ते दोन तरुण, काशीला निघालेले कोसंबी आणि माधुकरी मागणारा विद्यार्थी, सगळे या व्याख्येत बसतात. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षे आणि पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धता, अशी त्यात तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातला भीक मागण्याला गुन्हा ठरवणारा भाग दिल्लीपुरता घटनाबाह्य ठरवला. ज्या शहराच्या नावाने तो जन्मला तिथे तो अजून लागू आहे. सुरक्षेचे काय, असे विचारणाऱ्यांचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. दोन कोटींच्या वस्तीत कुणीही कुणाच्या घरात शिरावे असे कुणी म्हणणार नाही. पण जुनी सोयसुद्धा आंधळी नव्हती. गावात आलेला परका चावडीवर उतरे, कोतवालाला त्याची खबर असे, धर्मशाळेत नाव-गाव विचारले जाई. नोंद आणि निवारा एकत्र होते. आज सोसायटीच्या फाटकावर नोंदवही आहे, मोबाईलवर पाहुण्याला मंजुरी देणारे ॲप आहे, कॅमेरा आहे. नोंद वाढली आणि तिच्या मागचा निवारा निघून गेला.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास चालणारे निवारागृह असावे असे सांगितले. २०११च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांवर होती, म्हणजे त्या हिशेबाने नव्वदाहून अधिक निवारे हवेत. आपण त्याच्या जवळपासही नाही. उषवदाताच्या वाटेने, तापी आणि दमणगंगा ओलांडून, एखादा माणूस आज एकटा चालत दहिसरच्या नाक्यावर आला, त्याच्याजवळ ना झेंडा, ना भगवे वस्त्र, ना आधारकार्ड, ना पैसा, असे समजू. बोरिवलीपासून अंधेरीपर्यंतच्या वाटेत महापालिकेची उद्याने रात्री बंद होतात, फलाटावर बसायला तिकीट लागते, ओळखपत्राशिवाय लॉजवर खोली मिळत नाही, पुलाखाली झोपला तर उठवले जाते आणि पाणी विकत घ्यावे लागते. एखादा गुरुद्वारा त्याला काही न विचारता जेवू घालील. त्यानंतर रात्री दहा वाजता तो महामार्गाच्या कडेने, जिथे पदपथ संपतो तिथून पुढे, चालायला लागेल. उजवीकडे हजारो दिवे लागलेल्या खिडक्या असतील. डावीकडे अंधारात, बंद झालेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाच्या आत कान्हेरीचे दगडी बाक रिकामे असतील.